पांढरा नको

दिग्रसच्या रंगाच्या दुकानात मी तेव्हा मापाला होतो.
हिरामण भोयर यायचा सायकलवर,
हँडलला रिकामा कॅन.
लाल ऑक्साइड, काजळी,
ट्रॅक्टरवाल्याचा उरलेला निळा,
आणि दोन किलो डांबर.
पांढरा देऊ? मी विचारलं.
नको. पांढरं तिथं लय होतं.

तिथं म्हणजे समुद्रापल्याड,
ताडांच्या बेटावर, दोन वर्षं.
परतला तो डाव्या कानात एक शिट्टी घेऊन,
ती थांबायची नाही.

फौजेत जायच्या आधी
तान्ह्या पोळ्याचे नंदी रंगवायचा.
लाकडाच्या बैलाला असे डोळे काढायचा
की पोरं त्याच्यापुढं खरंच कडबा टाकायची.
त्या वर्षीचे बैल निघाले तोंड वासलेले,
शिंगं वितळून मानेवर आलेली.
बेलोऱ्याच्या एका बाईनं आपला परत आणून दिला,
फडक्यात गुंडाळून,
मेलेलं पाखरू आणावं तसा.

मग त्यानं गोठ्याची मागची भिंत धरली.

मी पैशासाठी गेलो होतो, ते राहूनच गेलं.
ताड होते. शेंड्याला पानं नव्हती, बोटं होती.
रस्ता उभा चढत होता आभाळात
आणि घरं त्याच्यावरून घसरत होती, दारंच दारं.
मधोमध बाई, की पोरगं, की बैल,
कळत नव्हतं.
तोंड तेवढं डांबराचं, हातभर.
आत म्हैस हंबरली की आवाज तिथून यायचा.

सरपंच म्हणाले, फौजेचं चित्र असं असते काय गा?
झेंडा कुठं हाय?
ड्रॉइंगचे वैरागडे मास्तर चष्मा पुसत म्हणाले,
प्रमाण चुकलं.
हिरामण म्हणाला, बराबर. तिथंबी चुकलंच होतं.

यंदा मे महिन्यात पुन्हा गेलो.
हिरामण जाऊन दुसरं वर्ष.
गिरजाबाई त्या भिंतीवर गवऱ्या थापत होती,
एकेकीवर तिची पाच बोटं.
ताड झाकले गेले होते, रस्ताही.
तोंडाभोवती मात्र वीतभर जागा कोरी.

थे काहून सोडलं?

तिनं बादलीत हात बुडवले.
थे अजून ओलं हाय.

पंधरा उन्हाळे झाले होते त्याला.
मी बोट लावून पाहिलं.
लागलं बोटाला, काळं, ऊन,
मीच मापून दिलेलं.