भाकड दिवस

जिना मी उलटी उतरते,
कठडा धरून, एकेक पायरी,
रांगतं मूल पलंगावरून उतरतं तशी.
खाली इशबेल गन, घरमालकीण,
टोस्टची ताटली घेऊन बघत राहते, हसत नाही.
म्हणते, "मागच्या आठवड्यात एक डच जोडपं होतं.
ते बसून उतरले."

लँड्स एंडपासून सतराशे तीन किलोमीटर,
एकोणीस दिवस.
आज शून्य.

सायकल मागच्या शेडमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी,
भाकड गाईसारखी दावणीला.
सकाळपासून दोनदा जाऊन आले,
उगीच टायर दाबून पाहिला.
नीलाक्षी म्हणाली, पुरे. आज बघायचं.

काल फोनवर भाऊ विचारत होता,
काय काय पाहिलंस गं इंग्लंडात?
हे स्कॉटलंड आहे, म्हटलं.
तेच ते, म्हणाला.
आणि मी आठवत राहिले:
नीलाक्षीचं मागचं चाक.
तिच्या कॅरिअरवर वाळत घातलेले माझे मोजे.
डाव्या काठाची पांढरी रेघ.
एका चढावर, कुठल्या ते विसरले,
मरून पडलेला एक ससा,
ज्याला मी इतक्या सावकाश ओलांडलं
की ओळख झाली.
किल्ले होते म्हणे वाटेत.
वारा समोरून होता, मी मान वर केली नाही.

तर आज विक गावातून चालतोय.
चालणं किती हळू असतं, विसरलेच होते.
दुकानाची पाटी येते ती जातच नाही.

बंदराजवळच्या संग्रहालयात हेरिंगच्या दिवसांचे फोटो.
इतक्या होड्या, की म्हणे पाय न भिजवता
बंदर ओलांडता यायचं.
एका फोटोत पिंपांपुढे मासे चिरणाऱ्या पोरी,
बोटं चिंध्यांनी गुंडाळलेली,
सुरी लागू नये, मीठ झोंबू नये म्हणून.
मधली एक कॅमेऱ्याकडे बघतच नाही,
तिचं लक्ष पुढच्या माशावर.
हंगामामागोमाग याही फिरायच्या,
बंदरामागून बंदर, खाली थेट यारमथपर्यंत.
घरी परतल्यावर तिला कुणी विचारलं असेल का,
काय काय पाहिलंस?

माझी करंगळी आणि शेजारचं बोट
पर्थपासून बधिर आहेत. हँडलची देणगी.
शर्टाचं बटण नीलाक्षी लावते.
तीच दोन बोटं मी फोटोच्या काचेवर टेकवली.
काच गार होती का, कळलं नाही.

मग नीलाक्षीनं रस्ता दाखवायला नेलं.
जगातला सगळ्यात आखूड रस्ता इथं आहे, पाटीसकट.
दोन मीटर सहा सेंटिमीटर.
एक दार, की संपला.
माझी सायकल लावली त्याच्या कडेला
तर जेमतेम दीड वीत रस्ता उरेल.
"चढ आहे का बघ," नीलाक्षी म्हणाली,
आणि आम्ही पोट धरून हसलो,
मांड्या दुखेपर्यंत, म्हणजे लगेचच.
मी या टोकाला उभी राहिले, ती त्या.
एक पाऊल. दुसरं.
तिसऱ्याला तिनं मला धरलं, कारण मी रडत होते.
काल जॉन ओ' ग्रोट्सला, फोटोच्या रांगेत,
काहीसुद्धा वाटलं नव्हतं,
नुसती लघवीला लागली होती.
एक म्हातारा कुत्र्याला घेऊन थांबून राहिला
आमचं होईस्तोवर.
आम्ही अख्खा रस्ता अडवला होता.

दुपारी धक्क्यावर चिप्स.
सीगलनं नीलाक्षीचा अर्धा मासा पळवला
आणि वाऱ्यावर जागच्या जागी फडफडत राहिला.
"जाऊ दे," ती म्हणाली,
"त्यालाही आज वारा समोरूनच आहे."

रात्रीचे साडेदहा, तरी उजेड हटत नाही.
नीलाक्षी घोरतेय.
पांघरुणाखाली माझा उजवा पाय खाली जातो,
डावा वर येतो. उजवा. डावा.
जाऊ देत, मी त्यांना काही विचारत नाही.
उद्या दुपारची गाडी, सायकली डब्यात टांगायच्या.
शेडला कडी घातली होती का?
उठून बघून यावं असं फार वाटतं,
पण मध्ये तो जिना आहे.