एकोणऐंशी

मे महिना. गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं
तरी दहा वाजेपर्यंत फरशी तळवे सोडत नाही.
खाली गल्लीत माग चालूच, खटाखट, खटाखट,
आणि जिन्याच्या तोंडाशी उभा राहून
पुरुषोत्तम गड्डम विचारतो,
"बर्फ बघितलास म्हणे रे? थांब, वर येतो."

ये. सांगतो.

शेटजींचे सहा जुने माग जहाजातून बोलिव्हियाला गेले,
त्यांच्या मागून मी, पाने-पकडी घेऊन, बसवून द्यायला.
सतरा दिवस. मधे एक रविवार.
तिथल्या मालकाने जीपचे पैसे भरले,
म्हणाला, एका दिवसात होतो डोंगर, संध्याकाळी परत.
डोंगराचं नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही.
उंची मात्र पाठ आहे : पाच हजार तीनशे मीटर.
आपलं सोलापूर साडेचारशे,
आणि तेही कुणी चढून आलेलं नाही.
सगळे रेल्वेतून उतरले,
नाहीतर पोटाला चिमटा बसला म्हणून तेलंगणातून चालत.

वाट दाखवायला सेवेरिना. पन्नाशीची, दोन वेण्या,
पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात बांधलेलं सामान.
मी आधी डोंगर नाही बघितला, ते कापड बघितलं.
काठ उलटून पाहिला : मागची बाजूही पुढच्यासारखीच,
एक धागा सैल नाही.
ती हसली. लोक फोटो काढत असतील,
उलटून कुणी बघत नसेल.

मग चढ. राखाडी दगड, पायाखालून सुटणारी माती.
तिला माझी भाषा येत नाही, मला तिची.
पंजा पालथा करून ती हवा खाली दाबायची :
हळू.
धोटा पळवू नकोस, असं मला ऐकू आलं.
गालात धरायला वाळका पाला दिला,
तंबाखूच्या गालाला ते शिकवावं लागत नाही.
वीस पावलं, थांब.
पंधरा, थांब.
मग आठ.
छातीत कुणीतरी ओला टॉवेल पिळायला घेतलेला.
तोंड उघडं, खांदे वर, एक हात दगडावर.

आणि ही बैठक माझ्या ओळखीची निघाली.
असे नायना बसायचे, खाटेच्या काठावर,
चाळीस वर्षं सुताचं तूस आत ओढून.
मोरीपर्यंत जायचं तर मधे एकदा खांबाला धरून.

माथ्यावर तिने माझ्या बोटाला चिमटा लावला.
लाल आकडा : एकोणऐंशी.
सिव्हिलमध्ये, खिडकीकडच्या कॉटवर, हाच होता.
नर्सने कागदावर लिहिला, मी वाचला,
मार्कांसारखा वाचला, बरे वाटले मला तेव्हा.
म्हणजे नायना इथे होते.
सपाट शहरात, दीड खोलीत,
सहा वर्षं या उंचीवर,
पाला नाही, वाटाड्या नाही, उतरायला जीप नाही.
आणि आम्ही, उन्हाळ्यात या गच्चीवर निजायला येताना,
वरून ओरडायचो : चला की, अकरा तर पायऱ्या!

बर्फ? होता.
एका कपारीत, मळका, चादरीएवढा.
पूर्वी अख्खी उतरण पांढरी होती, हे तिने हातानेच सांगितलं,
हात खूप लांब नेला आणि मग खाली सोडला.
मी पिशवीतून कडक भाकरी काढली, शेंगाचटणी.
मोडली तर त्या शांततेत केवढा आवाज!
तिने पहिला तुकडा जमिनीला दिला, दुसरा तोंडात टाकला,
डोळ्यांत पाणी आलं,
आणि पुन्हा हात पुढे केला.

पुरुषोत्तम सहाव्या पायरीवर असेल.
तो दिसत नाही, त्याचा श्वास आधी वर पोचलाय.
भिंतीला टेकलेला हात. खोकला. पुन्हा खोकला.
"आलोच," म्हणतो.
मी पंजा पालथा करतो, हवा खाली दाबतो.
अंधारात त्याला दिसणार नाही,
तरी.