पाच मेगाबाइट

तार्तूत मार्चमध्येही नदी अर्धी गोठलेली असते.
एमायगी तिचं नाव. एमा म्हणजे आईच.
काठावरच्या बंद सूतगिरणीत, तिसऱ्या मजल्यावर
हेल्दुरचं दुरुस्तीचं दुकान,
आणि मी त्याच्याकडे शिकाऊ,
वय वर्षं त्रेपन्न.

ऑट लॅपटॉप घेऊन आला, पिशवीत, टॉवेलमध्ये गुंडाळून.
त्याची आई वनखात्यात झाडं मोजायची. मशीन तिचं.
कीबोर्ड उचलला तर खाली पाइनची एक सुई.
"नवं फर्मवेअर घालायचंय," तो म्हणाला,
"पण हे म्हणतं, जागा नाही."

डिस्कवर जागा ढीगभर.
नव्हती ती त्या चिपवर,
हरभऱ्याच्या डाळीएवढी, आठ पायांची,
जिच्याकडून मशीनला रोज सकाळी कळतं
की आपण मशीन आहोत.
आठ मेगाबाइट. त्यातले पाच
कारखान्याने कुणाला तरी आधीच दिलेले:
मालक झोपला तरी जागा असणारा,
दार आतून लावून घेतलेला एक.
हेल्दुर त्याला पोटभाडेकरू म्हणतो.

चिमटा लावला. ठिपका जिथे, तिथे पहिला पाय.
दोनदा वाचलं. दोन वाचनांत एका अक्षराचा फरक.
चिमटा काढला, पाय स्पिरिटने पुसले,
पुन्हा दोनदा.
जुळलं.

मी त्याला अख्खाच उपटला.
हेल्दुर बघत होता, बोलला नाही.
मशीन उठलं, पडदा उजळला, ऑट हसला,
आणि बरोबर तिसाव्या मिनिटाला
फुंकर मारल्यासारखं विझलं.

"पुरता हाकललास की जाताना वीज तोडतो तो,"
हेल्दुर म्हणाला. "उंबऱ्यापुरता ठेवायचा.
हाक मारली तर ओ देईल एवढा.
बाकी सामान बाहेर."

दुसऱ्यांदा ठेवला उंबऱ्यापुरता.
नव्वद किलोबाइट.
मग घड्याळ, चहा, काळा पाव, खारवलेले छोटे मासे.
ऑट सांगत होता,
आई खोडाला फीत गुंडाळायची, आकडे पुटपुटायची,
मध्येच कुणी बोललं आणि मोजणी चुकली
की पहिल्या झाडापाशी परत जायची.
विसाव्या मिनिटाला तो गप्प झाला.
एकोणतीस. हेल्दुरने चष्मा काढून ठेवला.
तीस.
पंखा फिरत होता.
एकतीस, आणि पंखा फिरतच होता,
आणि मी मूर्खासारखी
लॅपटॉपच्या पाठीवर थाप मारली.

"उरलेल्या जागेत काय घालू?" मी विचारलं.
डिस्क मेली तरी जागी होणारी
एक छोटी प्रणाली मावली असती. एखादं चित्र.
तिने मोजलेल्या झाडांची यादीसुद्धा.
ऑट म्हणाला, "रिकामी कशी दिसते, ते दाखवा आधी."

बिट उघडून दाखवले.
मला इतकी वर्षं वाटायचं, शून्यं असतील.
पुसलेल्या चिपवर शून्य नसतं.
एक एक एक एक
एक एक एक
पडदाभर, खाली सरकवत राहिलं तरी एक,
जवळजवळ उभे, पानं नसलेले.
तो सरकवत राहिला. ओठ हलत होते.
आम्ही कुणी मध्ये बोललो नाही.

"असू द्या असंच," तो शेवटी म्हणाला,
आणि किती झाले ते विचारलं.
हेल्दुरने पावतीवर लिहिलं: साफसफाई, बारा युरो.
पाइनची सुई मी कीबोर्डखाली परत ठेवली होती,
ते त्यात लिहिलं नाही.
खाली कुठेतरी काही तडकलं.
नदी असेल, नाहीतर गिरणीचं लाकूड.