अर्धा दिवस, खासगी

बोर्डावर लिहिलंय: होल्मक्विस्ट.
एक अक्षर कुठेतरी चुकलंय, पण तो हात वर करतो.
बायको जहाजावरच थांबलीय, तिचा गुडघा.
मी म्हणतो, हरकत नाही, सगळी गाडी तुमची,
पुढे बसा, मधे बसा, मागे बसा.
तो मागे बसतो.

खासगी सहल, अर्धा दिवस. म्हणजे चार तास,
म्हणजे सेंट जॉर्जेसची लाल कौलं, किल्ला, धबधबा,
डोंगरावरचं तळं, ग्वाव्हची जायफळाची वखार,
आणि परत. जहाज कुणासाठी थांबत नाही.
वीस वर्षं हेच बोलतोय. जीभ आता
वळण यायच्या आधीच वळते.

धबधब्यावर पोरं उडीचे पैसे मागतात. त्याने दिले.
पोरगं पाण्यातून वर आलं
तेव्हा हा बुटाची नाडी बांधत होता.
पुन्हा मार, मी म्हणालो.
पुन्हा पैसे, ते म्हणालं.

मग तळ्याकडे चढताना मी वादळ काढलं.
वादळ मी नेहमी तिसऱ्या वळणावर काढतो,
तिथून मोडकी खोडं अजून दिसतात.
दोन हजार चार. छपराचा पत्रा निघायला लागला,
वाशाला दोर बांधला आणि धरून उभा राहिलो,
अंधार पडेपर्यंत, आणि पडल्यावरही.
इथे मी गिअरवरचा डावा हात उचलतो,
तळवा मागे दाखवतो. पांढरी रेघ.
(ती सार्डिनच्या डब्याची आहे.)
बायका इथे "अरेरे" म्हणतात.
पुरुष विचारतात, ताशी किती मैल?

आज काहीच नाही.
आरशात पाहिलं: मान काचेला टेकलेली, तोंड उघडं.
होल्मक्विस्ट गाढ.

आता, पैसे चार तासांचे घेतलेले.
गप्प बसणं चोरीसारखं वाटलं.

म्हणालो, साहेब, त्या दिवशी मी टोरांटोत होतो.
कुणाच्या तरी इमारतीचा जिना रंगवत होतो, फिकट हिरवा.
रेडिओवर बेटाचं नाव असं काही उच्चारत होते
की आपलंच ते, हे मला दुसऱ्या मजल्यापर्यंत कळलं नाही.
दोर फेमीने धरला.
पोर पलंगाखाली, शेजारणीची बकरी न्हाणीघरात,
आणि ही दोराचं टोक कमरेला गुंडाळून.
अकरा दिवस फोन लागला नाही.
लागला तेव्हा म्हणाली, जायफळं गेली.
दुसरं काही म्हणाली नाही.

परत आलो, बारा रोपं लावली.
जायफळाचं झाड नर की मादी
हे सहा-सात वर्षं कळत नाही, साहेब.
पाणी घालत राहायचं. मग एक दिवस फूल सांगतं.
माझे नऊ नर निघाले.
फेमी म्हणाली, उंच आहेत, सावली तरी देतील.
ती झाडांबद्दलच बोलत होती, असं मी धरून चालतो.

वखारीच्या दारात तो जागा झाला.
आत बायका बिया निवडत होत्या,
खडखड, खडखड, लाकडी जमिनीवर.
मी एक फळ फोडून दाखवलं:
बीवर जायपत्रीची जाळी, लालभडक, ओली,
आत्ताच घाईघाईने अंगावर ओढून घेतल्यासारखी.
फोटो काढून तो म्हणाला,
तुम्ही वादळाचं सांगत होतात. माफ करा, शेवट राहिला.

मी तळवा दाखवला.
त्याने तो दोन्ही हातांत घेतला
आणि बराच वेळ सोडला नाही.
धक्क्यावर वीस जास्त दिले.

संध्याकाळी फेमी अंगठा ओला करून नोटा मोजते.
तिच्या हातांवर काही नाही, कधीच भरून आलं सगळं.
वर न बघता विचारते,
"आज दोर कुणी धरला?"

"आज तू," मी म्हणतो.
"पण ऐकणारा झोपला होता."

ती वीसची नोट वेगळी काढते,
स्वतःच्या खिशात घालते,
आणि उरलेल्या पुन्हा पहिल्यापासून मोजते.