हिमचंपा, बी विंग

सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेतल्या माणसानं
आधीच सांगितलं होतं :
कलमी घ्या, तिसऱ्या वर्षी फूल.
मी बियांचं घेतलं. दीडशे रुपयांनी स्वस्त होतं.
एवढंच कारण. बाकीची नंतर सुचलेली.

बिबवेवाडीची जमीन :
वर वीतभर माती, खाली मुरूम,
मध्ये बिल्डरनं पुरलेल्या फुटक्या फरशा.
ढमाले पहार घेऊन दोन दिवस खणत होते.
नळाची तोटी निघाली, मग एक चप्पल.
'बारक्या पोराची हाय,' म्हणाले, आणि कठड्यावर ठेवली,
कुणी न्यायला येणार असल्यासारखी.

कंबरभर खड्डा, शेणखत, कुजक्या पानांचा चुरा,
आळं खोडापासून हातभर लांब.
'बुडाशी पाणी ओतू नका, ताई.
पाव्हण्याच्या डोक्यावर कुणी तांब्या उपडा करतंय का?'

मे महिना टँकरचा.
तांदूळ धुतलेलं, पालेभाजी धुतलेलं पाणी
बादलीत साठवून मी तीन जिने उतरायचे.
तरी कडा करपायच्याच.
पान वरून पॉलिश केल्यासारखं,
पाठीवर मात्र तांबूस लव,
बोट फिरवलं तर मांजराच्या कानामागची.

सदाहरित म्हणजे पान गळतच नाही, असा माझा समज.
झाडणाऱ्या यमुनाबाईंचा नव्हता.
बाराही महिने एकेक पान,
चामड्यासारखं, लवकर न कुजणारं,
रात्री फरशीवर पडलं की
शेजारच्या खोलीत कुणी पापड मोडावा तसं.

वार्षिक सभा, विषय क्रमांक सात :
'सदर झाड फुलत नाही. कचरा करते.
पन्हाळी तुंबतात.' अनुमोदक तीन.
मी म्हटलं, एक वर्ष द्या.
हे मी पाच सभांमध्ये म्हटलं.

ढमाले गुडघ्यांमुळे मुळशीकडे परत गेले.

चौदाव्या वर्षी, पाडवा होऊन महिना झाला होता,
सकाळी सव्वासातला बेल वाजली.
चौथ्या मजल्यावरची भाडेकरू, रिबेका,
रात्रपाळी करून आलेली, केसांत अजून पिना.
'तुमच्या झाडात काहीतरी अडकलंय. पांढरं.
कुणाचा तरी नॅपकिन उडालाय बहुतेक.'

तिच्या बाल्कनीतून दिसत होतं,
फक्त तिच्याच.
ओंजळीएवढं, जाड पाकळ्यांचं,
वासाला लिंबू, आणि लिंबाच्या मागं
काहीतरी थंड, ज्याचं नाव आम्हा दोघींना येईना.
मी कठड्यावरून वाकले, एक पाकळी चाचपली.
दुपारपर्यंत तिथं तपकिरी डाग,
माझ्या अंगठ्याच्या मापाचा.

ढमाल्यांना फोन लावला. म्हटलं, फूल आलं.
पलीकडे म्हैस ओरडली. बादली वाजली.
बऱ्याच वेळानं :
'यंदा आळं कुणी केलं का?'
नाही, म्हटलं.
'मग करा की.'

खुरपं गाडीच्या डिकीत सापडलं.
रिबेका जिन्यातच पेंगत उभी.
म्हणाली, थांबा,
चप्पल घालून येते.