चावी वर

बर्डीवर, मोदी नंबर तीनच्या तोंडाशी,
मे महिना, डोक्याला ओला रुमाल,
पर्समध्ये पेन्शनीतले साडेनऊ हजार,
कूलरची नवी जाळी पुढच्या वर्षावर ढकलून.

दुकानातल्या हर्षलनं डबा फोडला,
नवा फोन तळहातावर ठेवला.
सिम टाकायच्या आधीच त्याच्यात वस्ती:
एक कर्ज देणारा, एक पत्ते पिसणारा,
दोन बातम्यावाले, एक ज्योतिषी,
आणि एक नुसताच हिरवा चौकोन,
तो काय करतो ते हर्षललाही ठाऊक नव्हतं.

"हे काढ."
"निघत नाही काकू, कंपनीनंच टाकलं.
म्हणून तं स्वस्त आहे.
पण झोपवून देता येते."

टॉर्च लावून पाहिला.
तो म्हणाला, माईक वापरू द्या.
उजेडाला माझा आवाज कशाला?
"हो म्हणून टाका काकू, सगळेच म्हणते.
तुमच्याजवळ लपवाले आहेच काय?"

काय आहे ते त्याला सांगितलं नाही.
चौदा वर्षं मी ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डावर होते.
दोरी खुपसायची, दोन्ही टोकं बोलती झाली
की चावी वर, कान बाहेर.
खानखोजेबाई म्हणायच्या,
"गाव जोडायचं. गावात राहायचं नाही."

एका रात्री मी चावी वर केली नाही.
तिकडे गोंदियाचा एक माणूस, इकडे धंतोलीतली बाई,
तीन मिनिटं, मग अजून तीन.
काय बोलले ते आजही सांगणार नाही.

महिन्याभरानं गोकुळपेठच्या बाजारात
माझ्या शेजारी कुणीतरी विचारलं, "केवढ्याला जुडी?"
तोच आवाज.
मी वळून पाहिलं, आणि कशी हसले असेन कोण जाणे,
तिनं मेथी खाली ठेवली
आणि न घेताच निघून गेली.

काय लपवत होती ती?
भाजी घेत होती.

फोन डब्यात परत गेला. हर्षलचं तोंड उतरलं.

गोळीबार चौकाच्या मागे, जिथे पूर्वी माग चालायचा
त्या खोलीत आता प्रणोती निमजे फोन उघडून बसते.
तिनं दिला दोन वर्षं वापरलेला, कोपऱ्याला ओरखडा,
नव्या बॅटरीसकट सात हजार दोनशे.
"ह्याचं कुलूप कंपनी उघडू देते, म्हणून हा.
सगळं पुसून साधी सिस्टीम टाकते.
वॉरंटी विसरा. बँकेचं ॲप रुसू शकते, आत्ताच सांगते."
म्हटलं, बँक महालात आहे, मला पाय आहेत.

पडद्यावर पट्टी मुंगीसारखी सरकत होती.
तिचे वडील कूलरमध्ये बादली ओतत होते,
वाळ्याचा वास आला, गेला.
मध्येच पट्टी अडकली. प्रणोती पुटपुटली,
पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी घरी आले तेव्हा त्याच्यात
घड्याळ होतं, फोन, निरोप, कॅमेरा.
बाकी पडदा सारवलेल्या अंगणासारखा.
टॉर्च लावला. लागला.
काही मागितलं नाही त्यानं.

वर्ध्याच्या कुंदाला लावला, माझ्या शेजारच्या बोर्डावरची.
"आवाज किती स्वच्छ येतोय गं," ती म्हणाली.
"हो," म्हटलं.
आणि मग सुनेचं, गुडघ्यांचं, कुणाकुणाचं,
दोघी बोलत राहिलो,
जुन्या सवयीनं
जरा हळूच.