उरलेलं पाणी

मे महिना. बाहेर त्रेचाळीस,
माझ्या बेडकाच्या पेशींना हवेत सत्तावीस.
दुसऱ्या गावांत हे यंत्र उबेसाठी लावतात,
सोलापुरात मी त्याला ओलं पोतं गुंडाळते
आणि मल्लेशीमामांना दर तासाला विचारते,
लाईट आहे ना?

प्लीहा वाटाण्याएवढी.
तिच्या पेशींवर घेवड्याच्या बियांचा अर्क टाकला
की त्या जाग्या होतात.
पण जागं होणं म्हणजे वाढणं नव्हे.
(अण्णाही पहाटे चारलाच उठून बसतात,
मागाचा कारखाना बंद पडल्यापासून.)

जागी झालेली पेशी अंगावर एक कान उगवते
आणि थांबते.
शेजारची कुणी पाण्यात थेंबभर निरोप सोडते,
पुस्तकात त्याला वाढघटक म्हणतात.
तो त्या कानात पडला
तरच एकीच्या दोन.
निरोप संपला की कान गळतो,
आणि हे गळणंही लागतं,
नाहीतर वाढ कुठे थांबायचं ते विसरेल.

तिसऱ्या दिवशी मी पेशी गाळून
नुसतं पाणी घेतलं,
दुसऱ्या बेडकाच्या जाग्या पेशींवर घातलं.
त्या वाढल्या.

आईला सांगितलं.
सूप मांडीवर, बोटांत तेंदूचं पान,
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी.
"म्हणजे तांदळाचं धुवण की गं.
त्यात काय नवं सांगलालीस? फेकायचं नसतंय ते."

मग आम्ही दोघी मोजत बसलो.
ती पंचवीसचा कट्टा बांधते,
मी वहीतले चौकटींचे आकडे जुळवते.
तिच्या शंभरातल्या दहा चेकर छाटात टाकतो,
माझ्या शंभरातल्या बारा
रंग पिऊन निळ्या पडलेल्या, मेलेल्या.

"आणि बेडूक?" तिने मधेच विचारलं.
"बेडूक पहिल्याच दिवशी, आई."
तिने दोरा दाताने तोडला.
त्यानंतरचा कट्टा
तिला दोनदा मोजावा लागला.

राहिली तिसरी बाटली.
तिला मी अर्क दिला, ते पाणी दिलं नाही.
आज पाहिलं, पेशी जवळजवळ तेवढ्याच.
फारशा मेल्या नाहीत,
वाढल्या नाहीत,
काचेच्या तळाशी कान उघडे टाकून बसलेल्या.
वहीत लिहिलं: तुलनेसाठी.
पुढे अजून काही लिहायचं होतं,
तेवढ्यात मल्लेशीमामा दारात आले,
गेली म्हणाले.